आपले आणि परके : पीटर मेडावार यांची जीवनकथा

१९४० सालच्या उन्हाळ्यातील एक रविवार. ऑक्सफर्ड शहरात एक पंचवीस वर्षांचा प्राणिशास्त्रज्ञ पत्नी आणि लहान मुलीसह घराच्या बागेत बसला होता. दुसरे महायुद्ध सुरू होऊन वर्ष होत आले होते. अचानक एक बॉम्बफेकी विमान घरांच्या माथ्यावरून खाली येत गेले आणि जवळच्याच एका बागेत कोसळून पेटले. विमानातून एका तरुण सैनिकाला जिवंत बाहेर काढण्यात आले, पण त्याच्या शरीराच्या अर्ध्याहून अधिक भागावरची त्वचा जळून गेली होती. रक्त देण्याची सोय आणि सल्फा औषधे यांमुळे अशा जखमींचा जीव आता तग धरू लागला होता. मात्र उघड्या पडलेल्या देहावर पांघरायला कातडी कुठून आणायची, हा प्रश्न सुटलेला नव्हता. रुग्णाच्या अंगावर स्वतःची त्वचा उरलेली नसायची आणि दुसऱ्याची बसवली तर ती काही दिवसांत गळून पडायची. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्या तरुण शास्त्रज्ञाला बोलावून घेतले आणि तुमच्या शास्त्राचा या माणसाला काही उपयोग आहे का, असे विचारले. त्या शास्त्रज्ञाचे नाव होते पीटर ब्रायन मेडावार. त्या दिवशी त्यांच्याकडे उत्तर नव्हते. ते शोधण्यात त्यांचे उरलेले आयुष्य गेले.

रक्ताच्या कर्करोगावर आज जगभर ज्या नव्या उपचारांची चर्चा आहे, त्यांत निरोगी दात्याच्या रोगप्रतिकारक पेशी घेऊन, त्यांच्या जनुकांत नेमके बदल करून त्या रुग्णाला देण्याची पद्धत विशेष लक्ष वेधून घेत आहे. परक्या पेशी रुग्णाच्या शरीरात टिकवायच्या कशा आणि त्या रुग्णावरच उलटू नयेत म्हणून काय करायचे, या दोन प्रश्नांभोवती ही सारी विद्या फिरते. हे दोन्ही प्रश्न प्रयोगशाळेत प्रथम स्पष्टपणे मांडले गेले, त्यात मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा फार मोठा आहे.

मेडावार यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९१५ रोजी ब्राझीलमध्ये झाला. वडील निकोलस मूळचे लेबनॉनचे, आई एडिथ इंग्रज. वडिलांचा दंतवैद्यकाला लागणाऱ्या साहित्याचा व्यापार होता. पहिल्या महायुद्धानंतर मुलाला शिक्षणासाठी इंग्लंडला आणण्यात आले. अठराव्या वर्षी ब्राझीलच्या कायद्याप्रमाणे लष्करी सेवा करणे भाग होते. सवलतीसाठी केलेला अर्ज नाकारला गेला आणि जन्मभूमीचे नागरिकत्व गेले. मार्लबरो येथील निवासी शाळेत त्यांचे मन कधीच रमले नाही. वेगळ्या नावाच्या, वेगळ्या चेहऱ्याच्या मुलाला तेथे सुखाचे दिवस मिळाले नाहीत आणि त्या शाळेविषयीचा कडवटपणा त्यांनी उतारवयातही लपवला नाही. तिथल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांनी मात्र त्यांना या विषयाची गोडी लावली. १९३२ मध्ये ते ऑक्सफर्डच्या मॉडलिन महाविद्यालयात दाखल झाले आणि १९३५ मध्ये प्राणिशास्त्रात प्रथम श्रेणी मिळवून बाहेर पडले. पेनिसिलिनला औषधाचे रूप देणारे हॉवर्ड फ्लोरी यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी संशोधनाला आरंभ केला. १९३७ मध्ये जीन शिंगलवुड टेलर या सहाध्यायिनीशी त्यांचा विवाह झाला. दोन मुलगे आणि दोन मुली असा त्यांचा संसार पुढे विस्तारला.

सव्वासहा फुटांहून उंच, देखणा, क्रिकेटचा आणि ऑपेराचा शौकीन, बोलण्यात चपळ आणि वादात धारदार असा हा तरुण. त्या जळालेल्या सैनिकापुढे मात्र तो निरुत्तर झाला. प्रथम त्यांनी साध्या वाटा चाचपून पाहिल्या. शस्त्रक्रियेतून उरलेल्या त्वचेचे तुकडे काचेच्या भांड्यात वाढवता येतील का, त्वचेच्या पेशी सुट्या करून जखमेवर पसरता येतील का, हे करून पाहिले. पेशी जगल्या, पण अंग झाकेल असे काही त्यातून तयार झाले नाही. तेव्हा प्रश्न उलटा धरणे भाग पडले. दुसऱ्याची त्वचा का टिकत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे होते.

त्यासाठी ते ग्लासगो येथील रुग्णालयाच्या भाजलेल्या रुग्णांच्या विभागात गेले. थॉमस गिब्सन हे तेथील शल्यचिकित्सक. गॅसच्या शेगडीवर पडून भाजलेली एक तरुण स्त्री तेथे दाखल होती. तिच्या जखमांवर तिच्या स्वतःच्या त्वचेचे छोटे तुकडे बसवण्यात आले, तसेच तिच्या भावाच्या त्वचेचेही. स्वतःची त्वचा रुजली. भावाची त्वचा आरंभी रुजल्यासारखी दिसली आणि मग हळूहळू नष्ट झाली. त्यानंतर त्याच भावाच्या त्वचेचे तुकडे पुन्हा एकदा बसवले, तेव्हा ते पहिल्यापेक्षा कितीतरी लवकर नष्ट झाले. गिब्सन आणि मेडावार यांनी १९४३ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. शरीराने ती परकी त्वचा लक्षात ठेवली होती, हा त्यातला खरा धागा. एकदा देवी येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा देवी येत नाहीत, त्या मागे जी स्मृती असते, तीच इथेही काम करत असावी.

एका रुग्णावरून सिद्धांत उभा राहत नाही, हे मेडावार जाणून होते. त्यांनी ऑक्सफर्डला परतून पंचवीस सशांमध्ये प्रत्येकाची त्वचा दुसऱ्या प्रत्येकाला बसवण्याचा पसारा मांडला. एकूण ६२५ तुकडे. ते रोजच्या रोज तपासायचे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, नोंदी करायच्या. युद्धाच्या टंचाईच्या काळात हे काम त्यांनी बहुतांशी स्वतःच्या हाताने केले. १९४४ मध्ये निष्कर्ष पुढे आला. परक्या त्वचेला नाकारण्याचे काम शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच करते. ते दात्यागणिक वेगळे असते आणि एकदा ओळखलेला दाता ती विसरत नाही. तोवर अनेकांना वाटत असे की हा शल्यचिकित्सकाच्या हातचा दोष असावा किंवा रक्तपुरवठा नीट जुळत नसावा. ते सारे तर्क आता मागे पडले.

१९४७ मध्ये मेडावार बर्मिंगहॅमला प्राध्यापक झाले. नौदलातून परतलेले रूपर्ट बिलिंगहॅम हे त्यांचे शिष्य आणि सहकारी त्यांच्यासोबत होते. पुढच्याच वर्षी स्टॉकहोम येथील आनुवंशशास्त्राच्या परिषदेत त्यांना एका संशोधकाने सहज प्रश्न केला. जुळी वासरे एकाच बीजाची आहेत की दोन बीजांची, हे ओळखायचे कसे? मेडावार यांनी तितक्याच सहजपणे उपाय सांगितला. एकाची त्वचा दुसऱ्याला बसवावी. एकबीज असतील तर ती टिकेल, द्विबीज असतील तर गळून पडेल. शब्द दिल्यामुळे प्रयोगही करणे आले. दोघे मोटारीने दूरच्या गोठ्यावर जाऊन वासरांवर त्वचारोपण करू लागले. निकाल पाहून ते चक्रावले. द्विबीज जुळ्यांनी, इतकेच नव्हे तर नर आणि मादी अशा जोड्यांनीही, एकमेकांची त्वचा स्वीकारली होती.

उत्तर अमेरिकेत आधीच छापून आले होते. विस्कॉन्सिनच्या रे ओवेन यांनी १९४५ मध्ये दाखवले होते की गर्भाशयात जुळ्या वासरांचे रक्त एकमेकांत मिसळते आणि जन्मानंतरही प्रत्येकाच्या अंगात दुसऱ्याच्या रक्तपेशी नांदत राहतात. ऑस्ट्रेलियाचे मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९४९ मध्ये त्यावरून एक तर्क बांधला होता. आपले कोण आणि परके कोण, हे शरीर जन्मतःच जाणत नाही. गर्भावस्थेत जे जे भेटते त्याला ते आपले मानायला शिकते. बर्नेट यांचा हा तर्क होता. तो प्रयोगाने सिद्ध करण्याचे काम बाकी होते.

१९५१ मध्ये मेडावार लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये आले. बिलिंगहॅम सोबत होतेच. तिसरे सहकारी लेस्ली ब्रेंट. जर्मनीत ज्यू कुटुंबात जन्मलेले ब्रेंट १९३८ मध्ये, तेरा वर्षांचे असताना, निर्वासित मुलांच्या गाडीने एकटे इंग्लंडला पोहोचले होते. मागे राहिलेले आईवडील आणि बहीण नाझींच्या हातून मारले गेले. लेबनीज पित्याचा, ब्राझीलमध्ये जन्मलेला गुरू आणि निर्वासित शिष्य असे हे लोक, परक्याला शरीर आपले कसे मानते, याचा शोध घेत होते. त्यांनी एका वंशाच्या उंदरिणीच्या पोटातील गर्भांना दुसऱ्या वंशाच्या उंदराच्या जिवंत पेशी टोचल्या. पिल्ले जन्मली, वाढली. मग त्यांना त्या दुसऱ्या वंशाची त्वचा बसवली. काही उंदरांच्या अंगावर ती परकी त्वचा आपलीच असल्यासारखी रुजली आणि तिच्यावर परक्या रंगाचे केस वाढू लागले. तिसऱ्या एखाद्या वंशाची त्वचा मात्र तेच उंदीर नेहमीप्रमाणे नाकारत. १९५३ मध्ये नेचर या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला.

यानंतरचा एक प्रयोग आजच्या विषयाशी अगदी थेट जोडलेला आहे. परकी त्वचा बाळगणाऱ्या अशा एका सहनशील उंदराला त्याच्याच वंशाच्या दुसऱ्या उंदराच्या लसीका ग्रंथींतील पेशी टोचण्यात आल्या. या दुसऱ्या उंदराची रोगप्रतिकारशक्ती त्या परक्या त्वचेविरुद्ध आधीच जागी केलेली होती. थोड्याच दिवसांत सहनशील उंदराच्या अंगावर सुखाने नांदणारी ती त्वचा नष्ट झाली. रोगप्रतिकारशक्ती पेशींच्या रूपाने एका देहातून दुसऱ्या देहात नेता येते, हे यातून दिसले. अशा उसन्या प्रतिकारशक्तीला मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दत्तक या अर्थाचे विशेषण दिले. आज कर्करोगाविरुद्ध पेशी देण्याच्या सर्व उपचारांना वैद्यकात तेच नाव आहे. मेडावार यांचेच ऑक्सफर्डमधील शिष्य अॅव्हरियन मिचिसन यांनी त्याच सुमारास दाखवले की उंदरांमध्ये गाठींविरुद्धची प्रतिकारशक्तीही अशीच पेशींबरोबर दुसऱ्या उंदराकडे जाते.

या पेशींची दुसरी बाजूही याच प्रयोगशाळेत उघड झाली. बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी नवजात उंदरांना परक्या प्रौढ उंदरांच्या प्लीहेतील पेशी दिल्या, तेव्हा काही पिल्ले खुरटली, आजारी पडली आणि मेली. पिल्लांची प्रतिकारशक्ती अजून तयार झालेली नव्हती, त्यामुळे परक्या पेशी टिकल्या. पण टिकलेल्या त्या पेशींना पिल्लाचा सारा देहच परका वाटला आणि त्यांनी त्यावर हल्ला चढवला. दिलेल्या पेशींनी घेणाऱ्याला मारण्याचा हा विकार पुढे अस्थिमज्जा रोपणातील सर्वांत मोठे संकट ठरला. ल्युकेमियाच्या रुग्णाला दात्याची मज्जा दिली की तिच्यातील पेशी उरलेसुरले कर्करोगी रक्त संपवतात, हा तिचा गुण. आणि त्याच पेशी रुग्णाची त्वचा, यकृत, आतडी यांवरही तुटून पडतात, हा तिचा दोष. पॅरिसमध्ये जॉर्ज माते आणि अमेरिकेत डॉनल थॉमस यांच्यासारख्या डॉक्टरांनी पुढची अनेक वर्षे गुण राखून दोष आवरण्यासाठी खर्ची घातली. भारतात १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात दात्याच्या अस्थिमज्जेचे पहिले रोपण झाले, तेव्हाही डॉक्टरांसमोर हाच पेच होता.

१९६० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक बर्नेट आणि मेडावार यांना विभागून मिळाले. मेडावार तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. पारितोषिकावर बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांचाही तितकाच हक्क आहे, असे त्यांनी दोघांना कळवले आणि आपल्या वाट्याच्या रकमेतून त्यांना भाग पाठवून दिला. हा शोध रुग्णाच्या खाटेपर्यंत जसाच्या तसा पोहोचणार नव्हता, याची त्यांना पूर्ण जाणीव होती. कुणाला कधी कुणाची त्वचा किंवा मूत्रपिंड लागेल हे आधी ठाऊक नसते आणि माणसाच्या गर्भाला त्यासाठी पेशी टोचत बसणे शक्य नाही. पण हा अडसर ओलांडता येतो, तो निसर्गाचा अटळ नियम नाही, एवढे त्यांनी सिद्ध केले होते. तेवढ्या आधारावर जगभरचे शल्यचिकित्सक आणि औषधशास्त्रज्ञ कामाला लागले. स्वतः मेडावारही थांबले नाहीत. १९६२ मध्ये ते लंडनच्या मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि तेथे त्यांनी लिम्फोसाइट पेशींना आवर घालणाऱ्या रक्तद्रवावर काम केले. त्या जातीची औषधे आजही अवयव आणि अस्थिमज्जा रोपणात वापरली जातात.

१९६५ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. शास्त्रज्ञ म्हणून जेवढे, तेवढेच लेखक म्हणूनही त्यांचे नाव झाले. विज्ञान कसे चालते, चुका कशा होतात, भोंगळ विचाराला शास्त्राचा मुखवटा कसा चढतो, यावर त्यांनी मार्मिक आणि तिखट लिहिले.

सप्टेंबर १९६९. ब्रिटिश असोसिएशन या विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष म्हणून मेडावार एक्सेटर येथील वार्षिक अधिवेशनाला गेले होते. तेथील कॅथेड्रलमध्ये रविवारच्या प्रार्थनेत धर्मग्रंथातील उतारा वाचत असताना त्यांची जीभ अडखळली आणि ते कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय चोपन्न. डाव्या बाजूचा हात आणि पाय निकामी झाले, दृष्टी अर्ध्यावर आली, बोलणे जड झाले. १९७१ मध्ये संचालकपद सोडावे लागले. तरी ते हॅरो येथील संशोधन केंद्रात एका लहानशा गटासह पुन्हा कामाला बसले. आता विषय होता कर्करोग आणि रोगप्रतिकारशक्ती. उंदरावरची शस्त्रक्रिया स्वतःच्या हाताने करणारा माणूस आता ती दुसऱ्याच्या हातांनी करवून घेत होता. पत्नी जीन त्यांचा हात, पाय आणि पुष्कळदा वाचाही झाल्या. त्या स्वतः कुटुंबनियोजनाच्या चळवळीतील मोठ्या कार्यकर्त्या होत्या. दोघांनी मिळून पुस्तकेही लिहिली.

याच काळातील एक प्रसंग त्यांनी स्वतःच जगापुढे मांडला. न्यूयॉर्कच्या एका नामांकित कर्करोग संस्थेत एक संशोधक परकी त्वचा आणि डोळ्यांचे पटल सहज रुजवून दाखवत असल्याचा दावा करत होता. सल्लागार मंडळावर असलेल्या मेडावार यांना तेथील ससे दाखवण्यात आले. डोळे इतके निर्मळ होते की त्यावर रोपण झालेच नसावे, अशी त्यांची मनोमन खात्री पटली. ते गप्प राहिले. पुढे १९७४ मध्ये त्याच संशोधकाने पांढऱ्या उंदरांवर पेनाने काळे डाग रंगवल्याचे उघडकीस आले. त्या बैठकीत बोलण्याचे धैर्य आपल्याला झाले नाही, अशी कबुली मेडावार यांनी नंतर लिहून ठेवली. दुसऱ्यांच्या चुकांवर आसूड ओढणाऱ्या लेखकाने आपली चूक त्याच कठोरपणे नोंदवली.

पक्षाघाताचे झटके पुन्हा आले. प्रत्येक वेळी शरीराचा थोडा भाग त्यांच्या ताब्यातून निसटला. तरुण शास्त्रज्ञांसाठी लिहिलेले मार्गदर्शनपर पुस्तक १९७९ मध्ये आले, ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मान १९८१ मध्ये मिळाला, आत्मचरित्र १९८६ मध्ये प्रसिद्ध झाले. २ ऑक्टोबर १९८७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ससेक्समधील अॅल्फ्रिस्टन या गावी त्यांचे दफन झाले.

त्यांच्या मृत्यूला अठ्ठावीस वर्षे होत असताना, २०१५ मध्ये, लंडनच्याच ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयात ल्युकेमियाने ग्रासलेल्या सुमारे एक वर्षाच्या एका मुलीवर निराळा उपचार झाला. तो तयार करणारे संशोधक युनिव्हर्सिटी कॉलेजचेच, म्हणजे मेडावार यांच्या संस्थेचे. बाळाच्या रक्तात उपचारासाठी पुरेशा निरोगी पेशी उरल्या नव्हत्या. म्हणून एका निरोगी दात्याच्या टी-पेशी घेतल्या. कर्करोगी पेशी हुडकून काढणारा ग्राहक त्यांच्यावर बसवला. मग जनुकीय कात्रीने त्यांतील दोन जनुके निकामी केली. एक निकामी केल्याने त्या बाळाच्या देहाला परके मानून हल्ला करू शकत नव्हत्या. खुरट्या उंदरांची कहाणी तिथे टळली. दुसरे निकामी केल्याने बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधातून त्या वाचत होत्या. गळून पडणाऱ्या त्वचेची कहाणी तिथे टळली. रोग आटोक्यात आल्यावर बाळाला अस्थिमज्जा रोपण करण्यात आले. २०२२ मध्ये त्याच रुग्णालयात टी-पेशींचाच ल्युकेमिया झालेल्या एका किशोरवयीन मुलीसाठी जनुकातील एकेक अक्षर बदलण्याचे अधिक सूक्ष्म तंत्र वापरले गेले. तेथे आणखी एक अडचण होती. औषध म्हणून दिलेल्या पेशी आणि रोगाच्या पेशी एकाच कुळातल्या. त्या एकमेकींनाच मारत सुटल्या असत्या. म्हणून दिलेल्या पेशींवरची ओळखीची खूण आधीच पुसून टाकली गेली.

हे उपचार अजून सर्वांसाठी खुले झालेले नाहीत. दात्याच्या संपादित पेशी फार काळ टिकत नाहीत, रुग्णाची प्रतिकारशक्ती सावरली की ती त्यांना हुसकावून लावते. म्हणून बहुधा त्यांच्यामागोमाग अस्थिमज्जा रोपण करावे लागते. तरीही एका दात्याच्या पेशींतून अनेक रुग्णांसाठी आधीच औषध तयार करून ठेवता येईल आणि आठवड्यांची वाट पाहण्याइतका वेळ ज्याच्याकडे नाही त्यालाही ते मिळेल, ही आशा त्यामागे आहे. भारतात आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून तयार झालेल्या कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी वापरल्या जातात. गोवा-बेळगावपासून इंदूरपर्यंतच्या कितीतरी कुटुंबांना परळच्या त्या रुग्णालयाची वाट परिचयाची आहे. रक्ताच्या नात्यात मज्जा जुळणारा कोणी नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर घरात पसरणारी शांतता त्यांनी अनुभवली आहे.

भावाची त्वचा बहिणीच्या अंगावर का टिकली नाही, या प्रश्नापासून मेडावार यांनी सुरुवात केली. आज अनोळखी दात्याच्या पेशी आजारी मुलाच्या रक्तात काही आठवडे का होईना, नांदू शकतात. ऑक्सफर्डच्या त्या डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर पूर्ण व्हायला अजून अवधी आहे, पण ते कोणत्या दिशेने शोधायचे हे पंचवीस ससे, काही वासरे आणि उंदरांची थोडी पिल्ले यांच्या साहाय्याने मेडावार सांगून गेले.